आधी जागा, मग यंत्र

कयाकसाठी फिशफाइंडर घ्यायला निघालेला माणूस बहुतेक वेळा स्क्रीनपासून सुरुवात करतो. पाच इंची घ्यावा की नऊ इंची, चित्र किती ठळक दिसतं, नकाशा आहे का, कुठल्या कंपनीचा बरा, अशी चौकशी होते. पैसे मोजले जातात, खोकं घरी येतं, आणि मग प्रश्न पडतो की हे बसवायचं कुठं. हा क्रम उलटा आहे, असं माझं म्हणणं आहे. मोटारबोटीवर तो एकवेळ खपून जातो, कारण तिथं यंत्र बसवायला मागची सपाट, भक्कम फळी असते, इंजिनाबरोबर चार्ज होत राहणारी बॅटरी असते आणि ऐसपैस जागा असते. कयाकवर यातलं काहीच नाही. साडेतीन मीटरच्या आसपास लांब, तीस-पस्तीस किलोची, पोकळ प्लास्टिकची होडी, तिच्यावर वल्हं मारणारा एकटा माणूस, आणि लागेल तेवढी वीज त्यानं घरून उचलून आणलेली. अशा होडीवर कोणतं यंत्र नीट चालेल हे यंत्राच्या माहितीपत्रकापेक्षा होडीचा तळ जास्त ठरवतो. म्हणून आधी पाण्यात आवाज सोडणाऱ्या भागाची जागा नक्की करावी, मग बॅटरीचा हिशोब मांडावा आणि सगळ्यात शेवटी स्क्रीनकडे वळावं.

हे पटायला यंत्र काय करतं ते आधी पाहावं लागेल. पाण्याकडे तोंड करून बसवलेल्या भागाला ट्रान्सड्युसर म्हणतात. त्यात सिरॅमिकची एक चकती असते. तिला विजेचे झटके दिले की ती माणसाच्या कानाला ऐकू न येणाऱ्या वारंवारतेनं थरथरते आणि तो आवाज खाली जातो. तळावर किंवा मधल्या कशावर आदळून परतलेला आवाज तीच चकती टिपते, आणि जाण्या-येण्याला लागलेल्या वेळावरून खोली काढली जाते. गोड्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १४८० मीटर धावतो, समुद्रात त्याहून थोडा जलद. पंधरा मीटर खोल तळ गाठून परत यायला त्याला सेकंदाचा पन्नासावा भाग पुरतो. पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांचा माग काढण्यासाठी फ्रान्सच्या पॉल लांजव्हँ यांनी स्फटिकातून असा आवाज पाण्यात सोडण्याचं तंत्र उभं केलं. ते मच्छीमारांच्या हाती व्यवहारात उपयोगी पडेल अशा रूपात आलं १९४८ मध्ये, जपानच्या फुरुनो कंपनीमुळे. आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या लॉरन्स कुटुंबानं हौशी गळवाल्यांना परवडेल, हातात उचलून नेता येईल असा छोटा डबा बनवला. आजच्या कयाकवर बसणारी यंत्रं त्याच घराण्यातली आहेत.

आता गंमत अशी, की माशाचं शरीर बरंचसं पाण्यासारखंच असल्यामुळे त्यावरून आवाज फारसा परतत नाही. परततो तो मुख्यतः माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून. पालघरच्या किनाऱ्यावर घोळ माशाच्या ज्या ‘बोता’ला सोन्यासारखा भाव येतो, तीच ही पिशवी. मुशीसारख्या माशांना ती नसतेच, म्हणून मोठी मुशीसुद्धा स्क्रीनवर तिच्या आकाराच्या मानानं फिकी उमटते. पाणी आणि हवा जिथं भेटतात तिथं आवाजाची ९९ टक्क्यांहून अधिक ऊर्जा उलट फिरते, हे यामागचं कारण. पण जो गुण माशाला दाखवून देतो, तोच बसवणीतली सगळ्यात मोठी अडचण आहे. ट्रान्सड्युसर आणि पाणी यांच्या मध्ये हवेचा केसाएवढा थर राहिला, तरी आवाज तिथूनच मागे फिरतो आणि कितीही महाग स्क्रीनवर नुसती गर्दी दिसते. याउलट कयाक ज्या पॉलिथिलीनची बनते ते प्लास्टिक आवाजाच्या दृष्टीनं पाण्याच्या बरंच जवळचं आहे. त्याच्या पृष्ठभागावरून फार तर पाचेक टक्के ऊर्जा परतते, बाकीची आत शिरते. म्हणजे प्लास्टिकच्या तळातून यंत्र पाहू शकतं, बुडबुड्यातून पाहू शकत नाही. कयाकवरच्या बसवणीचं बहुतेक सगळं शहाणपण या एका गोष्टीतून निघतं.

त्यामुळे साध्या, एकसंध प्लास्टिकच्या कयाकसाठी मी पहिली पसंती आतून बसवण्याला देईन. होडीच्या पोटात, बसण्याच्या जागेच्या जरा पुढं किंवा मागं, झाकणातून हात पोचेल अशी सपाट जागा शोधायची, ती कोरडी आणि स्वच्छ करायची आणि ट्रान्सड्युसर तिथं चिकटवायचा. बाहेर काही लोंबत नाही, वाळूवर ओढताना काही तुटत नाही, तळाला एकही भोक पडत नाही. फक्त दोन काळज्या घ्याव्या लागतात. पॉलिथिलीनला बहुतेक गोंद धरत नाहीत, साधं सिलिकॉन तर लवकर सुटतं. त्यामुळे या प्लास्टिकला चालणारा, सुकल्यावरही लवचिक राहणारा सागरी चिकटा घ्यावा आणि तो लावताना आत बुडबुडा अडकू देऊ नये. भरपूर चिकटा ओतून ट्रान्सड्युसर हलकेच फिरवत दाबला की हवा कडेनं निघून जाते. चिकटा नको असेल तर फोमच्या जाड पट्टीचं चौकोनी आळं तळाला चिकटवून त्यात थोडं पाणी घालतात आणि ट्रान्सड्युसर त्या पाण्यात बसवतात. काढायला-घालायला ही पद्धत सोपी. आणि कायमचं चिकटवण्याआधी चाचणी घेता येते, हा तर मोठाच फायदा. जाड प्लास्टिकच्या पिशवीत पाणी भरून ती तळावर ठेवायची, तळही किंचित ओला करायचा, पिशवीवर ट्रान्सड्युसर दाबून धरायचा आणि होडी माहितीच्या खोलीवर न्यायची. दोरीला वजन बांधून मोजलेली खोली आणि स्क्रीनवरचा आकडा जुळला, तळ सलग दिसला, की जागा पक्की. नाही जुळला तर वीतभर सरकवून पुन्हा पाहायचं. दुकानात कुणी सांगू शकणार नाही ते ही चाचणी सांगते.

या पद्धतीवर आक्षेप आहेत आणि ते खरे आहेत. आतून बसवलेलं यंत्र पाण्याचं तापमान सांगत नाही. होडीच्या तळाचं सांगतं. दुसरं, थोडी शक्ती प्लास्टिकात मुरते. तीस-चाळीस मीटरपर्यंतच्या पाण्यात ती कमतरता जाणवत नाही, आणि कयाकवरून गळ टाकणारे बहुतेक जण त्याच्या आतच असतात. तिसरा आक्षेप जास्त वजनाचा. तळाचं छायाचित्रासारखं चित्र काढणारी डाउन इमेजिंग आणि साइड इमेजिंग ही तंत्रं ४५५ किंवा ८०० किलोहर्ट्झसारख्या उंच वारंवारता वापरतात. तिथं लाटेची लांबी दोन-तीन मिलिमीटरच असते आणि जाड प्लास्टिक ती बरीच गिळून टाकतं. बाजूला पाहणारं साइड इमेजिंग तर आतून चालतच नाही. ज्याला ही चित्रं हवीतच, त्यानं ट्रान्सड्युसर पाण्यात उतरवावा. पण त्याआधी एक विचार करावा. साइड इमेजिंगचं चित्र सरळ रेषेत, एकसारख्या वेगानं गेल्यावरच नीट उमटतं. वल्ह्याच्या प्रत्येक फटक्याबरोबर कयाकचं तोंड डावी-उजवीकडे झुकतं आणि चित्र तेवढंच वाकडं होतं. पायडलवर चालणाऱ्या कयाकला हे सोपं जातं, वल्ह्याच्या कयाकला नाही. ज्या सोयीसाठी दुप्पट पैसे मोजायचे ती आपल्या होडीला पेलते का, हे इथं कळतं.

पाण्यात उतरवायचं ठरलं तर दोन मार्ग. उघड्या बसकीच्या कयाकला पाणी निचरून जाण्यासाठी आरपार भोकं असतात, त्यांना स्कपर म्हणतात. त्यातलं एखादं ट्रान्सड्युसर बसेल असं मुद्दाम घडवलेलं असेल तर त्यासारखी जागा नाही. वायर वर येते, भाग तळाच्या पातळीत लपतो. पण प्रत्येक होडीचं स्कपर निराळ्या मापाचं असतं, म्हणून यंत्र घेण्याआधी ते मोजावं. भलताच ट्रान्सड्युसर तिथं कोंबू नये आणि भोक कातून मोठं तर मुळीच करू नये. स्कपरच्या नळ्या होडीचा वरचा आणि खालचा भाग एकमेकांना बांधून ठेवतात. तिथं चीर गेली तर पाणी थेट पोटात शिरतं. दुसरा मार्ग बाजूला लावायच्या दांड्याचा. हा उचलता येतो, दुसऱ्या होडीवर नेता येतो, आणि हवा भरून फुगवायच्या कयाकला तर दुसरा इलाजच नाही, कारण तिच्या तळात हवाच भरलेली. दांडा वल्ह्याला अडतो, गळाची दोरी त्यात गुंतते, हे त्याचे दोष. समुद्रकाठी लाटांतून बाहेर येताना तो वर उचलायला विसरलं तर पहिल्याच वाळूच्या फटक्यात मोडतो. भाड्याची किंवा फुगवायची होडी असणाऱ्यानं दांडा घ्यावा. स्वतःची प्लास्टिकची होडी असणाऱ्याला त्याची गरज क्वचितच पडते.

जागेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. उघड्या बसकीच्या कयाकवरून पाण्यात पडलेला माणूस परत चढतो तो बाजूनं, होडीवर आडवं पोट टेकून. मधल्या भागात काठावर स्क्रीनचा खांब, दांडा, लोंबती वायर असेल तर नेमकी चढायची वाट बंद होते. म्हणून स्क्रीन पायांच्या बाजूला पुढं, वल्ह्याच्या घेराबाहेर, पण हात लांबवून बटण दाबता येईल इतकीच दूर ठेवावी. होडीला काठावर सरकपट्टी असेल तर तिच्यात अडकणारा गोळ्याचा सांधा वापरावा, भोक पाडावं लागत नाही. वायर आत नेण्यासाठी एक भोक लागतंच. ते पाण्याच्या रेषेच्या बरंच वर, रबरी सीलसह असेल तर घाबरण्याचं कारण नाही.

आता पाण्याखाली काय शोधायचं ते पाहू, कारण त्यावर यंत्राची निवड ठरते. आवाज टॉर्चच्या झोतासारखा खाली रुंदावत जातो. २०० किलोहर्ट्झला झोत साधारण २० अंशांचा धरला तर दहा मीटर खोलीवर तो साडेतीन मीटर व्यासाचं वर्तुळ व्यापतो, आणि तीन मीटर खोलीवर जेमतेम एक मीटरचं. आपल्या खाड्यांत, कांदळवनाच्या कडेला जिताडा किंवा तांबोशी शोधताना पाणी दीड-दोन मीटर असतं. तिथं झोत अर्ध्या-पाऊण मीटरचा, आणि होडीच्या अगदी खाली आलेला मासा बहुधा आधीच बिचकून सटकलेला. उथळ पाण्यात यंत्र मासे दाखवील ही अपेक्षा धरूनच पदरी निराशा येते. ते दाखवतं तो तळ, आणि माशाचा पत्ता तळावरच लिहिलेला असतो. खाडीत चिखलाच्या सपाटीमधून जाणारी खोल नाळ, खडपाची कड, ओहोटीला पाणी जिथून घसरतं तो उतार, या जागा कळल्या की गळ कुठं टाकायचा हे कळतं. मुंबईच्या आसपास उधाणाला भरती-ओहोटीत चार मीटरहून जास्त फरक पडतो; परतीच्या वाटेवर नाळ सोडली तर होडी चिखलात रुतते, तिथंही खोलीचा आकडाच कामी येतो. धरणात हाच न्याय. भीमेवरच्या उजनीचं पाणी खाली गेलं की पळसदेवचं जुनं मंदिर वर येतं. तसंच पाण्याखाली जुनं नदीपात्र, बांध, रस्ते, झाडांचे खुंट आजही आहेत. मासे त्यांच्या आधारानं राहतात. सपाट पाण्यावरून त्यातलं काही दिसत नाही, पण साध्यातलं साधं यंत्र जुन्या पात्राची कड स्पष्ट दाखवतं.

स्क्रीन वाचायला शिकणं मात्र आलंच. उजव्या कडेला दिसतं ते या क्षणाचं, डावीकडे सरकत जातं ते होऊन गेलेलं. पुढं काय आहे ते या चित्रात नसतं. मासा झोताच्या कडेनं शिरतो तेव्हा होडीपासून लांब असतो, मध्यावर जवळ येतो, मग पुन्हा लांब जातो, म्हणून त्याची कमान उमटते. होडी उभी असेल आणि मासाही थबकलेला असेल तर कमान न होता लांब आडवी रेघ येते. तळाची रेघ जाड आणि ठळक असेल, खाली दुप्पट खोलीवर दुसरी फिकी रेघ असेल, तर तळ टणक. रेघ मऊ आणि एकेरी असेल तर गाळ. माशांची चित्रं दाखवणारी सोय बंदच करावी. यंत्र बुडबुडा, फांदी, शेवाळ, सगळ्यालाच मासा ठरवतं आणि वाचायची सवय लागू देत नाही. चिर्प नावाच्या पद्धतीत एकाच वारंवारतेऐवजी वारंवारतांचा पट्टा सोडला जातो. जवळजवळचे दोन मासे, किंवा तळाला लागून असलेला मासा, त्यात वेगळे दिसतात. ही सोय आता स्वस्त यंत्रांतही मिळते आणि ती जरूर घ्यावी. शिवाय जागा नोंदवून ठेवणारं जीपीएस असावं, कारण सापडलेली कड पुढच्या वेळी पुन्हा सापडायला हवी.

विजेचा हिशोब सोपा, पण तो खरेदीआधी करायचा. पाच इंची यंत्र साधारण अर्धा ते पाऊण अँपिअर घेतं. पाऊण धरला तर सहा तासांना साडेचार अँपिअर-तास. सात अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी सव्वादोन-अडीच किलो भरते आणि निम्म्याहून जास्त रिकामी केली की तिचं आयुष्य घटतं, म्हणजे हाताशी साडेतीनच उरतात. त्याच क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी किलोभराची, आणि जवळजवळ पूर्ण वापरता येते. ती महाग आहे, तरी पैसे घालायचे तर इथं घालावेत. धन टोकाजवळ फ्यूज असलाच पाहिजे, बॅटरी पाणबंद डब्यात पक्की बांधलेली असावी. नऊ-दहा इंची यंत्र याच्या दोन-तीन पट वीज खातं. मग बॅटरी वाढते, वजन वाढतं, आणि साडेतीन मीटरच्या होडीत प्रत्येक जादा किलो वल्हं मारणाऱ्या खांद्यांवर येतो. स्क्रीन जेमतेम दोन-अडीच फुटांवर असते. तेवढ्यावर पाच ते सात इंच भरपूर. इंचापेक्षा ती भर उन्हात दिसते का ते पाहावं, आणि पाण्यावरची चकाकी मारणारा पोलराइज्ड चष्मा लावून पाहावं, कारण काही स्क्रीन त्या चष्म्यातून एका कोनात काळ्या पडतात.

मोठ्या यंत्राची बाजू घेणारे म्हणतील की २०१८ पासून आलेल्या गार्मिनच्या लाइव्हस्कोपसारख्या तंत्रानं पुढचा मासा हलताना दिसतो, तर जुन्या पद्धतीत का अडकायचं. त्याची ताकद निर्विवाद आहे. इतकी की अमेरिकेतल्या मेजर लीग फिशिंगनं २०२५ च्या आपल्या मुख्य स्पर्धामालिकेत त्याचा वापर दिवसाच्या तीन सत्रांपैकी एकाच सत्रापुरता ठेवला. पण कयाकवर त्यासाठी वेगळा डबा, मोठी बॅटरी, हवा तिकडे फिरवायचा दांडा आणि तो फिरवायला एक मोकळा हात लागतो. एकट्या माणसाच्या दोन हातांत वल्हं आणि गळ आधीच असतात. दुसरा आक्षेप मला जास्त जिव्हाळ्याचा वाटतो: अशा यंत्रांनी मासा संपेल, आणि वडिलोपार्जित ज्ञानाची किंमत जाईल. कोकणच्या मच्छीमारांनी एलईडीच्या झोतात होणाऱ्या मासेमारीविरुद्ध दीर्घ लढा दिला आहे आणि केंद्र सरकारनं २०१७ मध्ये तिच्यावर बंदी घातली, ती योग्यच होती. पण तिथं प्रश्न जाळ्याचा आणि उपशाचा आहे. एका गळानं, एकेक करून धरलेल्या माशाचा हिशोब वेगळा, आणि लहान मासा सोडून देण्याची मुभा तिथं प्रत्येक वेळी असते. खाडीकाठच्या माणसाला भरती, वारा आणि तळ यांचं जे ज्ञान पिढ्यांनी दिलं ते यंत्रातून मिळत नाही. शहरातून येणाऱ्या हौशी माणसाकडे ते नसतं, आणि तळाचा आकार कळला तर तो निदान योग्य प्रश्न घेऊन स्थानिकांकडे जाऊ शकतो. आणि जायलाच हवं: राज्यातल्या अनेक धरणांचा मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो, तिथं परवानगीशिवाय गळ टाकू नये.

तेव्हा पहिल्यांदा घेणाऱ्याला माझा सल्ला असा. झाकण उघडून होडीच्या पोटात हात घाला, सपाट जागा शोधा, स्कपर मोजा, ओळखीच्या कुणाचं जुनं यंत्र मागून पाण्याच्या पिशवीची चाचणी घ्या. ती जमली तर चिर्प आणि जीपीएस असलेलं पाच इंची यंत्र आणि लिथियम बॅटरी घ्या, ट्रान्सड्युसर आतून बसवा. खाडीतून आल्यावर स्क्रीन आणि जोडण्या गोड्या पाण्यानं पुसा, कारण अशी यंत्रं पाण्यापेक्षा जोडणीतल्या मिठानं जास्त मरतात. आणि मोठ्या स्क्रीनचे पैसे वाचले असतील तर ते अंगावर नीट बसणाऱ्या लाइफ जॅकेटसाठी खर्च करा.